बाळंतपण, मुक्काम टार्निट

टार्निट, मेलबर्न
रविवार, १६ ऑगस्ट २०२०

श्रीयुत शिरीषराव, थोरले साडू, मुक्काम ब्रॅम्प्टन, कॅनडा, यांना धाकटा साडू विलास याचा, मास्कच्या आतून आणि दोन्ही हात सॅनिटायझरने पुसून, साष्टांग नमस्कार. पत्रास कारण एक नाही, पुष्कळ आहेत, ती ओघाने येतील. तुमचा गुडघा, तुमची शुगर आणि तुमचं ते बर्फ उपसायचं लाल फावडं या तिघांची प्रकृती कशी आहे? नलूताईंचा खांदा आता वर जातो का? (पोळ्या लाटण्यापुरता जातो हे शोभाकडून कळलं. डोक्यावरून साडीचा पदर घेण्याइतका जातो का, असं विचारतोय.) आम्ही इकडे सगळे मजेत आहोत. मजेत म्हणजे इतके मजेत, की मी हे पत्र हाताने दहा पानं लिहून, पानापानाचे फोटो काढून तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवणार आहे. फोनवर बोललो असतो, पण आपल्या चौघांच्या व्हिडिओ कॉलमध्ये तुमच्या-माझ्या वाट्याला फक्त 'नमस्कार' आणि 'ठेवू का' एवढंच येतं.

तुमचा परवाचा फोटो मिळाला. तळ्याकाठी हाफ पँट, डोक्यावर टोपी, हातात भाजलेलं कणीस! फेब्रुवारीत तुम्ही कमरेइतक्या बर्फात उभे राहून फोटो पाठवला होतात, तेव्हा मी इथे चाळीस डिग्रीत बनियनवर बसून टरबूज खात होतो आणि तुमची कीव करत होतो. आता तुम्ही कणीस खाताय, आणि मी ऐन श्रावणात माकडटोपी, दोन स्वेटर आणि जावयाचे फुटबॉलचे मोजे घालून बसलोय. एका घरच्या दोन बहिणी केल्या आपण, पण एक ऋतू काही दोघांना मिळून भोगता येत नाही. तुमच्या कॅनडाच्या थंडीला निदान एक धरबंध आहे, ती आली की आली. इथली थंडी सकाळी मोटारीच्या काचेवर पांढरी बसते, दहाला ऊन पडतं, अकराला पाऊस, बाराला पुन्हा ऊन आणि एकला असा वारा सुटतो की कचऱ्याचे डबे गल्लीतून एकटेच फिरायला निघतात. माणसांना मात्र दिवसातून एकच तास फिरायची परवानगी आहे, घरापासून पाच किलोमीटरच्या आत. रात्री आठनंतर संचारबंदी. डब्यांना काही नियम नाही.

पण हे सगळं राहू द्या. शिरीषराव, मी आजोबा झालो! तुम्हाला बातमी तीन आठवड्यांपूर्वीच कळली आहे, हे मला माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण त्या दिवशी फोनवर दोघी बहिणींनी रडून घेण्यात सगळा वेळ खाल्ला आणि माझं सांगायचं राहून गेलं. मुलगी! तीन किलो शंभर ग्रॅम! हाताची बोटं अशी लांब की बघून थक्क व्हावं! कान शोभाचे, कपाळ आमच्या चारुताचं आणि जांभई हुबेहूब माझी. (अनुप म्हणतो जांभई त्याची. जावई आहे, बोलू द्यावं.)

आता तुम्हाला आठवत असेल, मी इथे आलो तो बाळंतपणासाठी नव्हेच. चारुता-अनुपचं नवं घर बांधून होत आलं होतं, आणि पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेला सासरा घरात असताना बांधकामावर नजर ठेवायला परका माणूस कशाला, म्हणून मी फेब्रुवारीत पुढे आलो. मार्चात शोभाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मे महिन्यात ती इकडे येणार, जुलैअखेर बाळंतपण, असं मी कालव्याच्या आवर्तनासारखं सगळं तारीखवार आखलं होतं. मार्चात शोभाच्या डोळ्यावरची पट्टी निघाली आणि इथल्या सीमा बंद झाल्या. खास परवानगीचा पहिला अर्ज नामंजूर, दुसराही नामंजूर. लेकीची आई ही इथल्या कागदांत जवळच्या कुटुंबात मोडत नाही, हे अनुपने वाचून दाखवलं तेव्हा शोभाने दोन दिवस कुणाचा फोन घेतला नाही. अनुपच्या आई तर लग्नाआधीच गेल्या. म्हणजे एकुलत्या एका लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला घरातलं वडीलधारं माणूस कोण, तर मी. ज्याला चहात आधी साखर घालायची की पत्ती हे आजवर विचारावं लागत होतं, तो मी. तिसऱ्या दिवशी शोभाचा फोन आला आणि ती एवढंच म्हणाली, "सव्वा महिना तुम्ही करायचं. मी सांगेन तसं." तिचा आवाज असा होता की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो आणि हो म्हणालो.

हॉस्पिटलात आईबरोबर एकाच माणसाला सोडत होते, तो मान अनुपचा. मी घरी. २६ जुलैला, रविवारी, बरोबर पावणेबाराला फोन आला. मग मी जे केलं ते वयाला शोभणारं नव्हतं. आधी एकटाच हॉलमध्ये तीनदा गोल फिरलो, मग देवापुढे साखर ठेवली, मग चिंचवडला फोन लावला. शोभा आणि मी दोघंही पाच मिनिटं नुसते 'हॅलो, हॅलो' म्हणत होतो, नेटवर्क उत्तम असताना! नंतर आठवलं की नात झाली आणि आपण कुणाचं तोंड गोड केलं नाही. स्टेशनजवळच्या देशी दुकानातून तीन किलो मोतीचूर आणले, चांदीच्या कागदात दोन-दोन गुंडाळले, आणि दार वाजवायला बंदी म्हणून गल्लीतल्या बावीस घरांच्या टपालपेट्यांवर एकेक पुडी ठेवत गेलो. अंगात अनुपचं काळं जाकीट, माकडटोपी, वर मास्क, फक्त चष्मा बाहेर. संध्याकाळी गल्लीच्या फेसबुक ग्रुपवर माझा फोटो! समोरच्या कोलीनबाईंनी खिडकीतून काढून टाकला होता, खाली लिहिलं होतं की हा इसम घरोघरी नारिंगी गोळे ठेवत फिरतोय, कुणी ओळखतं का, आणि गोळ्यांना कुत्र्यांनी तोंड लावू नये म्हणून काळजी घ्या. अनुपने बिचाऱ्याने हॉस्पिटलातून खुलासा केला, 'सॉरी मेट्स, इट्स माय फादर-इन-लॉ, वी हॅड अ बेबी.' दुसऱ्या दिवशी आमच्या पायरीवर स्वतः विणलेला पिवळा स्वेटर, टोपी आणि कोलीनबाईंचं कार्ड. लाडू फार गोड होते, असंही लिहिलं होतं. बाई आता माझ्याशी कुंपणावरून, सहा फूट अंतर ठेवून, रोज बोलतात. मला 'लव्ह' म्हणतात. इथे सगळ्यांनाच म्हणतात, शोभाला मी आधीच सांगून ठेवलंय.

तिसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी आली आणि माझं आवर्तन सुरू झालं. फ्रिजवर तक्ता लावला: दूध किती वाजता, लंगोट किती बदलले, बाळंतिणीला शेक कधी, जेवण कधी. चारुता म्हणाली, "बाबा, चिल, त्यासाठी ॲप असतं." मी म्हटलं, ॲप बंद पडेल, खडू बंद पडत नाही. लंगोट म्हटलं म्हणून सांगतो. अनुपने कपाटभर डायपर आणून ठेवलेत, पण शोभाचा हुकूम असा की दिवसा सुती लंगोटच. सुती कापड कुठून आणायचं? शेवटी माझे दोन पंचे आणि एक धोतर बळी पडलं. ड्रायर आहे, पण ड्रायरमधल्या कपड्याला ऊन लागत नाही, हा दुसरा हुकूम. आणि इथे माझी अशी फजिती झाली की ती सांगायला मला लाज वाटते, पण साडूपासून काय लपवायचं.

मार्चमध्ये परसात कपडे वाळत घालायचे खांब रोवायचे होते. मी म्हटलं, दक्षिणेच्या बाजूला रोवा, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, दिवसभर ऊन मिळेल. अनुप हळूच म्हणाला, "बाबा, आय थिंक इथे उलटं असतं." आता ज्या माणसाने आयुष्यभर उन्हातान्हात कालव्यांची आखणी केली, त्याला सूर्य कुठून जातो हे संगणकावर बसणाऱ्या पोराने शिकवावं? मी त्याला दोन मिनिटांत गप्प केलं. खड्डा दोन फूट, काँक्रीट एकास दोन-चार, स्वतः उभा राहून पाणी मारलं. जून उजाडला आणि सूर्य जो उत्तरेला जाऊन बसला तो तिथून हलेना. आमचा दक्षिणेचा खांब घराच्या सावलीत, गारठ्यात, सकाळी दोरीवरचा लंगोट काढावा तर पापडासारखा कडक. खांब काढून पलीकडे रोवावा म्हटलं, तर माझंच काँक्रीट! धरण फुटेल, पण खांब हलायचा नाही. (अनुप एका शब्दाने 'मी सांगितलं होतं' म्हणाला नाही. जावई चांगला आहे. फक्त तिकडे बघून खाकरतो.) शेवटी एक घडीचा स्टँड आणला, आणि आता मी उन्हामागे स्टँड घेऊन घराभोवती फिरतो. दहाला गॅरेजपुढे, बाराला पुढच्या अंगणात टपालपेटीजवळ, दोनला कुंपणाच्या कोपऱ्यात. आभाळ भरलं की स्टँड उचलून आत, उघडलं की बाहेर. माझा व्यायामाचा एक तास असाच संपतो आणि गेट ओलांडावं लागत नाही.

अंघोळीची गोष्ट त्याहून बहारीची. आपल्याकडे बाळाला पाय पसरून पायावर घेऊन न्हाऊ घालतात ना, तसंच घालायचं, टबबिब चालणार नाही, असं शोभा म्हणाली. इथे सकाळचे आठ म्हणजे चिंचवडला पहाटेचे साडेतीन. पण शोभा रोज साडेतीनला उठायची, केस बांधून, कुंकू लावून फोनपुढे बसायची. मी फोन शाम्पूच्या बाटलीला टेकवून ठेवायचा आणि तिकडून सूचना सुरू. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त उंट चिंचवडला. "पाणी कोपराने बघा. कोपराने म्हटलं, बोटाने नाही. मान धरा. अहो, मान तिची, स्वतःची काय धरताय!" पहिल्या दिवशी पहिला तांब्या असा वाकडा ओतला की बाळाच्या आधी मीच भिजलो. पण बाळ शहाणं, शिरीषराव! कोमट पाणी अंगावर पडलं तशी डोळे मिटून पडून राहिली, जशी काही दर जन्मी माझ्याच पायावर न्हात आली आहे. मला रडू आलं. शोभालाही तिकडे आलं. चारुता बाळाला पंच्यात गुंडाळून घेऊन गेली, शोभानेही डोळे पुसून फोन ठेवला, आणि मग माझ्या लक्षात आलं की मला उठता येत नाही. बाथरूमची गुळगुळीत फरशी, धरायला काही नाही, गुडघे जागच्या जागी थिजलेले. अनुपची ऑफिसची मीटिंग चालू, चारुता बाळाला पाजतेय, हाक कुणाला मारायची? तसाच पस्तीस मिनिटं पाय पसरून, ओल्या लेंग्यात, नळाकडे बघत बसून राहिलो. अनुप मीटिंग संपवून आला तो म्हणाला, "बाबा, नो वरीज," आणि मला पोत्यासारखा उचलून पलंगावर नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून मी भिंतीला एक पक्की खुर्ची टेकवून ठेवली.

आता डिंकाचे लाडू. देशी दुकानात डिंक, खारीक, खोबरं, खसखस सगळं मिळालं. तुपात डिंक तळला, काय फुलला, लाह्यांसारखा! खोबरं भाजलं, खारकेची पूड केली, गूळ कढईत चढवला. तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि बाहेर स्टँडवर चौदा लंगोट! मी धावलो. पाऊस आला, स्टँड आत घेतला, पाऊस थांबला, स्टँड पुन्हा बाहेर नेला, कोलीनबाईंनी हवेबद्दल दोन वाक्यं बोलून घेतली, आणि परत येतो तो गुळाचा पाक असा झालेला की डाव त्यात उभा राहिला तो राहिलाच. तरी नेटाने लाडू वळले. तळहात भाजले, पण छत्तीस लाडू वळले. थंड झाल्यावर एक चारुताला दिला. तिने दाताने प्रयत्न केला, मग दाढेने केला, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, टेस्ट चांगली असणार." अनुपने एक हातोडीने फोडला, त्याचा तुकडा उडून टीव्हीच्या मागे गेला तो अजून सापडला नाही. सध्या दोन लाडू वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला लावले आहेत, उरलेले डब्यात आहेत, आणि पोरगी बिस्किटांवर आहे. बाळंतीण बिस्किटांवर! हे शोभाला कळलं तर ती पोहत येईल.

आणि कळस म्हणजे धुरी. बाराव्या दिवसानंतर धुरी सुरू करा असा हुकूम होता. ओवा, बाळंतशेप, वेखंड, लसणाची सालं सगळं जमवलं. निखारे कुठले? तर अनुपच्या बार्बेक्यूचे कोळसे. केक भाजायच्या पत्र्यावर निखारे घेतले, वर ओवा-शेप टाकलं आणि मोठ्या थाटात खोलीत शिरलो. असा काही वास सुटला! मला आईची आठवण झाली. ती पुरती व्हायच्या आत छतावरची धुराची एक भोंगी कोकलायला लागली. तिचं ऐकून दुसरी, दुसरीचं ऐकून तिसरी. नव्या घरात म्हणे एक ओरडली की सगळ्यांनी ओरडायचं अशी जोडणी असते. चारुता बाळाला घेऊन मागच्या अंगणात, अनुप हेडफोन लावून मीटिंगमध्ये, आणि मी एका हातात पेटता पत्रा, दुसऱ्या हाताने टॉवेलने वारा घालतोय! कसाबसा पुढच्या पायरीवर आलो, वाऱ्याने धूर उलट वाढला, आणि कोलीनबाईंनी शेजारधर्माला जागून बंब बोलावला. सात मिनिटांत लाल बंब दारात. मास्क लावलेले, हेल्मेटवाले चार आडदांड गडी उतरले आणि माझ्या पत्र्यातल्या लिंबाएवढ्या दोन निखाऱ्यांभोवती उभे राहिले. त्यांच्यातल्या मोठ्याने विचारलं, हे काय आहे. मी त्याला बाळंतिणीची धुरी, तिचे उपयोग, ओव्याचे गुण असं माझ्या इंग्रजीत दहा मिनिटं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, "फेअर इनफ, मेट," म्हणाला, आणि तांब्याभर पाणी ओतून निखारे विझवले. पण शिरीषराव, गंमत पुढे आहे. सहा आठवड्यांत ज्या गल्लीत चिटपाखरू दिसलं नव्हतं, तिथे बावीसच्या बावीस घरं दारात उभी! पंजाबी, व्हिएतनामी, कोलीनबाई, सगळे आपापल्या पायरीवरून हात हलवतायत, बाळ दाखवा म्हणतायत. चारुताने बाळाला उंच धरून दाखवलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. असं बारसं कुणाचं झालं नसेल. मी विझलेला पत्रा हातात घेऊन सगळ्यांना वाकून नमस्कार करत होतो.

यातलं शोभाला काहीही ठाऊक नाही. तिला मी फोनवर 'उत्तम, उत्तम' म्हणतो. लाडवांचा डबा लांबून दाखवतो, दाराशी ठेवलेले दोन कॅमेऱ्यात येणार नाहीत असा उभा राहतो. त्यामुळे तिची पक्की समजूत झाली आहे की इकडे घोडं गंगेत न्हालं. गेल्या सोमवारनंतर ती पहाटे उठत नाही. मी मंगळवारी विचारलं, तर म्हणाली, "तुमचं छान चाललंय की. मी उगाच कशाला उठू?" आता दुपारी फोन करते, बाळ बघते, माझी चौकशी करते आणि ठेवते. सूचना एकही नाही. मला वाटलं होतं, सुटलो. पण आठ वाजता बाटलीला टेकवलेला फोन काळाच्या काळा दिसला की पाणी कोपराने बघायचं मीच विसरतो.

असो. तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याने दहा पानं खरडली आणि नातीपलीकडे बातमी एक नाही. पण बातमी आहेच कुठे दुसरी? सव्वा महिना व्हायला अजून पंधरा दिवस आहेत. पुढच्या शनिवारी गणपती, तो कुंडीतल्या मातीचा करणार आहे, सोंड काढायचं काम अनुपकडे दिलंय. नलूताईंना नमस्कार, तुमच्या मुलाला व सूनबाईंना आशीर्वाद, आणि तळ्याला माझा राम राम.

आपला, दोन स्वेटरांच्या आतला,
धाकटा साडू विलास

ता. क. १ : पुढच्या वेळी हाफ पँटमधला फोटो काढताना पोट आत घ्यावं. कणीस चांगलं आलं आहे.

ता. क. २ : हे अकरावं पान मी मुद्दाम वेगळं पाठवतोय. हे नलूताईंना दाखवू नका, आणि वाचून झालं की फोनमधून पुसून टाका.

शिरीषराव, लाडू उत्तम झाले. शोभाने आधीच बजावलं होतं की गूळ नुसता विरघळला की उतरवा, मी उतरवला. चारुता रोज सकाळी दोन खाते, अनुप चोरून तिसरा खातो, आणि कोलीनबाईंनी कृती मागितली आहे. बंब आला होता, पण पलीकडच्या गल्लीत, कुणाच्या तरी बार्बेक्यूला. मी एक तासाच्या फिरण्यात तो बघितला आणि लांबून त्याचा फोटो काढला. आमची धुरी मी परसात, कुंपणाजवळ, शास्त्रापुरती दोन मिनिटं केली. लहान बाळाला धूर नको असं नर्सबाईंनी सांगितलं होतं, आणि शोभाही म्हणाली, त्या म्हणतात तर राहू द्या. त्या नर्सबाई परवा येऊन वजन करून गेल्या, सातशे ग्रॅम वाढलंय. लंगोटांची दोरी तेवढी खरी आहे. ती खोटी असती तर बरं झालं असतं.

मला सगळं जमलं, आणि तिथेच चुकलं. गेल्या सोमवारी मी बाळाला आठ मिनिटांत न्हाऊ घातलं. शोभा फोनवर होती. ती काही सांगायला तोंड उघडायची आणि ते माझं करून झालेलं असायचं. "बरोबर," म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा "बरोबर" म्हणाली. मी मूर्ख, मला फुशारकी वाटली. मी म्हटलं, बघ, तुझ्यावाचून काही अडलं नाही! शिरीषराव, हे वाक्य मी बोललो. चाळीस वर्षांच्या संसारात मी पुष्कळ मूर्खासारखं बोललो असेन, पण असं नाही. तिने नातीसाठी शिवून ठेवलेली बारा दुपटी होती. त्यातली चार तिने बुधवारी शेजारच्यांच्या सुनेला देऊन टाकली, असं चारुताला कुणीतरी कळवलं. आणि चारुताला ती स्वतः म्हणाली की आता तिसरा अर्ज करायची काही घाई नको. माफी मी मागितली, दोनदा मागितली. ती म्हणते, अहो, मला आनंदच आहे. ज्या आवाजात म्हणते, तो तुमच्या घरातही असेल, तुम्ही ओळखाल.

तेव्हा विनंती अशी. तुमच्याकडे आत्ता रविवारची सकाळ आहे. आधीची दहा पानं नलूताईंना मोठ्याने वाचून दाखवा. लाडू हातोडीने फोडला तिथे थोडं थांबा. बंबाच्या वेळी आवाज चढवा. बाळंतीण बिस्किटांवर आहे हे वाक्य दोनदा वाचा. आणि वाचून झाल्यावर त्यांना बजावून सांगा की यातलं अक्षरही शोभाला कळता कामा नये. म्हणजे चहा निवायच्या आत चिंचवडला पोचेल.

उद्या सकाळी आठ वाजता मी ओट्यापाशी उभा राहणार आहे. फोन बाटलीला टेकवलेला, कढई गॅसवर, हातात गुळाचा खडा. पुढे काय करायचं, ते मला काहीच ठाऊक नाही.